भूपाळी : गाणं पहाटेचं, नाव रात्रीचं

भूपाळी म्हटली की पहाट आली. अंगणात सडा पडतोय, चूल पेटतेय आणि घरातलं कुणीतरी मोठं माणूस गुणगुणत देवाला उठवतंय, हे चित्र मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आता हेच नाव घेऊन एखाद्या गवयाकडे जा आणि म्हणा, ‘बुवा, भूपाली ऐकवा.’ सकाळच्या वेळी गेलात तर बुवा हसतील. भूप किंवा भूपाली हा त्यांच्या लेखी रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग. दिवेलागण झाली, तंबोरे जुळले, मंडळी स्थिरस्थावर झाली की गायचा. गाणं शिकणाऱ्या मुलांना सुरुवातीला जे राग शिकवतात त्यांत हा असतोच आणि त्यांच्या वहीत ‘गायनसमय : रात्रीचा पहिला प्रहर’ ही ओळही असतेच.

मग पहाटेच्या गाण्याला रात्रीच्या रागाचं नाव कुणी दिलं? हा प्रश्न बरीच वर्षं माझ्या मागे लागलेला आहे. मी गवई नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि कविता लिहीत आलो, एवढंच. पण कविता लिहिणाऱ्याला शब्दाआधी चाल ऐकू येते, आणि चालीच्या मागे लागलं की तिच्या नावाच्याही मागे लागावं लागतं.

आधी स्वरांचं पाहू. भूपात पाचच स्वर. सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद नाहीत. पाच स्वरांच्या अशा चाली जगात पुष्कळ आहेत. चीनमध्ये आहेत, स्कॉटलंडच्या डोंगरांत आहेत. बाई दळताना, माणूस बैल हाकताना गुणगुणतो ते सूरही बहुधा अशाच चार-पाच पायऱ्यांवर चढत-उतरत असतात. गंमत अशी की हेच पाच स्वर घेऊन आपल्याकडे सकाळचाही एक राग आहे, देसकार. पेटीवर बोटं ठेवाल तर पट्ट्या त्याच. फरक आहे तो जीव कुठे रमतो याचा. भूपाचा जीव गंधारात, देसकाराचा धैवतात. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी थाटांची मांडणी केली तेव्हा भूपाला कल्याण थाटात बसवलं आणि देसकाराला बिलावल थाटात. स्वर सारखे, पण घराणं वेगळं. त्यामुळे काही जाणकार म्हणतात की भूपाळी सकाळी गातात ती देसकाराच्या अंगाने. असेलही. पण मग तिला देसकारी का म्हटलं नाही? नाव भूपाळीच का चिकटलं?

इथे चालींना नावं कशी पडतात ते थोडं बघावं लागतं. मराठीत ‘चाल’ हा शब्दच मोठा छान आहे. चालणं यातून आलेला. गाण्याचे शब्द बसलेले असतात, चाल चालत असते. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीच्या गुरुकुंजातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) भजनं गावोगाव गेली. त्या भजनांच्या पुस्तकांत भजनाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ किंवा ‘तर्ज’ असं लिहून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे सुरुवातीचे शब्द दिलेले असतात. ‘तर्ज’ हा मूळ अरबी शब्द, फारसी-उर्दूतून आपल्याकडे आलेला. अर्थ, रीत किंवा ढंग. संगीत नाटकांच्या पुस्तकांतही हेच. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आलं. त्याची प्रेरणा पारशी मंडळींनी केलेल्या ‘इंदरसभा’ची, आणि ती ‘इंदरसभा’ लखनौच्या अमानत या शायराची. अण्णासाहेब स्वतः बेळगावकडचे. कीर्तनातल्या, लावणीच्या, बायकांच्या गाण्यांतल्या, कानडी, हिंदुस्थानी अशा सगळीकडच्या चाली त्यांनी वेचल्या. छापताना पदावर ‘चाल : अमुक’ असं घातलं की काम झालं. ज्याला ते ‘अमुक’ ठाऊक आहे त्याला चाल मिळाली. ज्याला नाही त्याच्यासाठी पुस्तक मुकं.

म्हणजे आपल्याकडे चालीला स्वतःचं नाव नसतं. अंगावर जे शेवटचं गाणं असेल त्याच्या नावाने ती ओळखली जाते. मुळशी-मावळातल्या जात्यावर गाणाऱ्या बाया तर चालीला ‘गळा’ म्हणतात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या अभ्यासकांनी त्या बायांच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तेव्हा हा शब्द त्यांच्या कामात आला. ओवी सगळ्यांची, गळा ज्याचा त्याचा. मला हा शब्द ‘चाल’पेक्षाही आवडतो.

हे फक्त आपल्याकडचं नाही. आयर्लंडमध्ये फिडलवर म्हणजे व्हायोलिनवर नाचाच्या चाली वाजवतात, त्यांतल्या एका जातीला ‘जिग’ म्हणतात. सहा मात्रांचा ठेका, आपल्या दादऱ्याच्या मोजणीचा. जिग हे नाव कुठून आलं यावर तिकडेही एकमत नाही. फ्रेंच, इटालियन भाषांत तसेच शब्द आहेत आणि जर्मन भाषेत व्हायोलिनलाच ‘गायगं’ म्हणतात. एकेका जिगला वाजवणाऱ्यांनी दिलेली नावं तर विचारूच नका. कुठे गावाचं नाव, कुठे धोबिणीचं, कुठे एखाद्या म्हाताऱ्याचं. शेजारच्या परगण्यात गेलं की तीच चाल दुसऱ्या नावाने भेटते आणि तेच नाव दुसऱ्या चालीला लावलेलं असतं. कॉर्क परगण्यातून अमेरिकेला गेलेला फ्रान्सिस ओ’नील हा माणूस १९०१ ते १९०५ या काळात शिकागोचा पोलीसप्रमुख होता. त्याने १९०३ साली अशा १८५० चाली छापून काढल्या. स्वतःला स्वरलिपी लिहिता येत नव्हती. पोलीस खात्यातल्याच, आडनावबंधू असलेल्या एका सहकाऱ्याकडून लिहवून घेतल्या. चोर पकडता पकडता चाली पकडणारा हा फौजदार आपल्या गावाला मिळाला असता तर! ज्या चालीला नावच सापडत नाही तिच्यापुढे आयरिश लोक आपल्या भाषेत ‘नाव नाही’ असं लिहून मोकळे होतात. हे ‘नाव नाही’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पुन्हा भूपाळीकडे. नावाचा सरळ अर्थ लावणारे म्हणतात, भूपाल म्हणजे राजा. राजवाड्यात राजाला जागं करायला भाट-वैतालिक गात, ती भूपाळी. देव हाही राजाच, म्हणून पुढे देवाला. ऐकायला बरं वाटतं, पण मला पटत नाही. घरोघरच्या भूपाळ्या ऐका. त्यांत राजवाडा कुठे असतो? गाई असतात, वासरं असतात, पाखरं उडालेली असतात, पाण्याला निघालेल्या बायका असतात, नदी असते. देवसुद्धा बहुधा लेकरू असतो, ज्याला दहीभात खायचा आहे. राजदरबारातून निघालेलं गाणं इतकं शेणामातीचं कसं होईल?

मला धागा सापडतो तो दक्षिणेत. कर्नाटक संगीतात ‘भूपाळम्’ नावाचा राग आहे आणि तो पहाटेचाच आहे. त्यालाही पाचच स्वर, मध्यम-निषाद नाहीत, पण रिषभ, गंधार, धैवत हे तिन्ही कोमल. आपल्या उत्तरेकडे या स्वरांना ‘भूपालतोडी’ म्हणतात आणि तोही सकाळीच गातात. मग आपला रात्रीचा भूप दक्षिणेत नाही का? आहे, पण तिथे त्याचं नाव ‘मोहनम्’. म्हणजे नाव एकीकडे राहिलं आणि स्वर दुसरीकडे गेले. ‘भूपाल’ हे नाव जिथे जिथे पहाटेशी बांधलेलं दिसतं तिथे स्वर कोमल आहेत. ज्या पाच शुद्ध स्वरांना उत्तरेने भूप म्हटलं ते रात्रीकडे गेले. आपली भूपाळी या दोन्हींच्या मधल्या मुलखातली, तशीच मराठी भाषासुद्धा.

आणि मराठीचा दक्षिणेशी संबंध काही आजचा नाही. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे तंजावरला गादीवर बसले ते थेट १८५५ पर्यंत मराठी राज्य तिथे टिकलं. त्या गादीवरच्या तुळजाराजांनी ‘संगीतसारामृत’ हा संगीतावरचा संस्कृत ग्रंथ लिहिला. एका भूपालानेच रागांची कुळी मांडली म्हणायची. समर्थ रामदासांच्या नावाने भूपाळ्या आहेत, आणि त्यांच्या शिष्यांचे मठ तंजावराकडे होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी कीर्तनकार तिकडे गेले आणि तंजावर कृष्ण भागवतर यांनी त्या कीर्तनाचा ढंग तमिळ हरिकथेत आणला. आपली साकी, दिंडी, ओवी, अभंग हे प्रकार तिथे याच नावांनी रुजले. (साकी म्हटलं की माझ्यासारख्या उर्दू ऐकत वाढलेल्या माणसाला पेला घेऊन उभी असलेली मूर्ती दिसते. मराठी साकीचा त्या पेल्याशी काडीचा संबंध नाही. ती ‘साखी’, म्हणजे साक्ष, कबीराची. पण नावाने फसायला होतं ते असं.) या वाटेने माणसं गेली-आली तशा चाली आणि चालींची नावंही गेली-आली असणार.

माझा कौल म्हणून सांगतो. भूपाल हा पहाटेचा राग म्हणून ज्या काळी सर्वांना ठाऊक होता, त्या काळी त्या वळणाने म्हटलेल्या गाण्याला भूपाळी म्हणू लागले. पुढे गाणं गवयाच्या हातून सुटून बायाबापड्यांच्या तोंडी गेलं. कोमल स्वर जपणं हे शिकलेल्या गळ्याचं काम. पहाटे चूल फुंकता फुंकता कोण ते सांभाळणार? चाल बदलली, सोपी झाली, दहा गावी दहा झाली. नाव मात्र राहिलं, आणि ते रागाचं न राहता वेळेचं झालं. पहाटे देवाला उठवायला जे म्हणाल ते भूपाळी, मग चाल कुठलीही असो.

नाव असं मागे राहतं हे धामणगावच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. १८६७ साली मुंबईची गाडी नागपूरला पोचली, त्या वाटेवरचं आमचं स्टेशन. विदर्भात धामणगावं अनेक, म्हणून आमचं ‘रेल्वे’, बुलढाण्याकडचं ‘बढे’. आमच्याच तालुक्यात मंगरूळ दस्तगीर आहे. दस्तगीर म्हणजे हात धरणारा; बगदादच्या अब्दुल कादर जिलानींची ही पदवी. वाशीमकडे गेलात तर मंगरूळपीर लागतं. कोण कुठला पीर, कोण दस्तगीर, हे त्या गावी कापूस विकायला जाणाऱ्याच्या मनातही येत नाही. नाव पत्ता सांगतं, अर्थ सांगत नाही. भूपाळीचं तेच झालं.

पण पहाटेचं गाणं फक्त घरातलं नव्हतं. वऱ्हाडातली पहाट आवाजांची असायची. कापसाच्या दिवसांत रात्रभर चाललेल्या बंड्या उजाडायच्या आत बाजाराच्या दारात लागायच्या. बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा आणि बंडीवाल्याने झोप उडावी म्हणून लावलेला सूर. माझे अब्बा कापसाच्या बाजारात मापारी होते, त्यामुळे आमची पहाट त्या घागरमाळांनीच व्हायची. वासुदेव यायचा, मोरपिसांची टोपी घातलेला, टाळ-चिपळ्या वाजवत. त्याच्याही आधी, चांगला अंधार असताना, पांगुळ. पांगुळ म्हणजे पांगळा. सूर्याचा सारथी अरुण हा पुराणात अर्धाच घडलेला, मांड्यांवाचूनचा. पांगुळाचं नातं त्याच्याशी जोडतात. सूर्य यायच्या आधी त्याचा सारथी दारात येऊन दान मागतो, काय कल्पना आहे! आणि गुरुदेव सेवा मंडळ असलेल्या गावांत पहाटेचं सामुदायिक ध्यान.

रमजानात आमच्या मोहल्ल्यात आणखी एक आवाज असे. सहरीसाठी लोकांना उठवायला फकीर गल्लीतून गात जायचे. शब्द अल्लाहचे, नबींचे. चाल त्या वर्षीच्या गाजलेल्या सिनेमाची. त्यावर कुणाला राग यायचा नाही. उलट चाल ओळखीची असली की लवकर जाग येते, असं अम्मी म्हणायची. मग फजरची अजान. दिवसाच्या पाच अजानांपैकी पहाटेच्या अजानमध्येच एक वाक्य जास्तीचं असतं : झोपेपेक्षा नमाज बरी. पहाटेची साखरझोप सगळ्या धर्मांना सारखीच ठाऊक.

अजान संपली की भिंतीपलीकडून शेजारच्या माईंची भूपाळी सुरू व्हायची. आमच्या श्रद्धेत देवाला झोप नाही, डुलकीसुद्धा नाही. त्यामुळे लहानपणी मला प्रश्न पडायचा की माईंचा देव रोज झोपतो कसा. मी तो अम्मीला विचारला. ती म्हणाली, ‘बेटा, देवाला कोण उठवतं? पोरांना उठवतात त्या.’ आणि खरंच, तीन कडवी झाली की माईंचा सूर बदलायचा. ‘उठा नं बाप्पा, फटफटलं! किती लोळसान?’ हे देवाला नक्कीच नव्हतं. भूपाळीचं हे मर्म मला अम्मीने सांगितलं, आणि पुढे कुठल्याच पुस्तकात ते इतकं नीट सापडलं नाही.

या सगळ्या अनाम गर्दीत एक भूपाळी अशी आहे की जिचा कर्ता आपल्याला माहीत आहे. होनाजीची, घनश्यामाला जागं करणारी. होनाजी हा उत्तर पेशवाईतला पुण्याचा शाहीर, जातीने गवळी. बाळा हा त्याचा साथीदार, आणि दोघांची नावं अशी जुळली की ‘होनाजी बाळा’ हे एकच नाव झालं. शृंगाराच्या लावण्या लिहिणारा हा माणूस. सोवळ्यातल्या लोकांनी त्याला माजघरापर्यंत येऊ दिलं नसतं. पण त्याची भूपाळी माजघर ओलांडून थेट देवघरात गेली. गवळ्यालाच गवळ्याची पहाट ठाऊक! शेवटच्या कडव्यात त्याने आपलं नाव घातलं आहे. मराठीत त्याला नाममुद्रा म्हणतात, आमच्या गझलेत तखल्लुस. कवी मोठा धूर्त असतो. चाल चोरा, कडवी चोरा, पण शेवटपर्यंत गाल तर माझं नाव तुमच्याच तोंडून निघेल, अशी ती सोय. बहुतेक लोक मात्र पहिल्या दोन कडव्यांवर थांबतात आणि होनाजी बाहेरच उभा राहतो.

१९५१ साली व्ही. शांतारामांनी होनाजीवर चित्रपट काढला, ‘अमर भूपाळी’. राजकमलची निर्मिती, संगीत वसंत देसाईंचं, होनाजीच्या भूमिकेत पंडितराव नगरकर. कान महोत्सवात १९५२ मध्ये ध्वनिमुद्रणासाठी त्याचा गौरव झाला. नगरकर आणि लता मंगेशकर यांच्या आवाजातली ती भूपाळी रेकॉर्डवरून, रेडिओवरून घराघरांत गेली आणि त्या एका गाण्याने चालीचा निकालच लावून टाकला. त्याआधी ही भूपाळी गावोगाव कशी कशी म्हणत असतील, किती गळ्यांनी, ते गळे आता कुठे ऐकायचे? आज कुणालाही विचारा, वसंतरावांची चालच तोंडात येते, आणि पुष्कळ जण त्या गाण्याला नावच ‘अमर भूपाळी’ असं सांगतात. म्हणजे सिनेमाचं नाव गाण्याला आणि गाण्याची ओळख चालीला. आधी रागाचं नाव वेळेला लागलं होतं, आता सिनेमाचं गाण्याला लागलं. मला ही चाल प्राणप्रिय आहे, तरी सांगतो : एक चाल अमर होताना बाकीच्या किती मेल्या, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. ओव्यांना राईरकर-पॉइत्व्हँ भेटले, आयरिश जिगला फौजदार भेटला. आमच्या वऱ्हाडातल्या भूपाळ्यांच्या चाली ज्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात होत्या, त्या गळ्यांबरोबरच गेल्या.

काही वर्षांपूर्वी एका गावी प्रभातगीतांच्या कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडे आलं होतं. संयोजकांपैकी एक जण, मनाने चांगला माणूस, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, ‘सर, तुमाले चालते नं हे सारं?’ मी म्हटलं, ‘भाऊ, चालते म्हणूनच तर तिले चाल म्हणतात.’ तो हसला, मीही हसलो, कार्यक्रम झाला. पण प्रश्न विनोदाने उडवला तरी उडत नाही. मराठीत श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, त्याला चारशे वर्षं होत आली. पेशवाईत होनाजीच्या बरोबरीने गाजलेला सगनभाऊ हा शिकलगार, मुसलमान. त्याच्या लावण्या-पोवाड्यांवाचून मराठी शाहिरीचं पुस्तक पुरं होत नाही. किर्लोस्कर मंडळींच्या नाटकांना ज्यांनी पुढे गाणं दिलं त्या भास्करबुवा बखल्यांचे गुरू फैज महंमद खां, नत्थन खां, अल्लादिया खां. या लोकांना कुणी ‘चालते का’ म्हणून विचारलं असेल का? बहुधा असेलच. त्यांनी काय उत्तर दिलं ते त्यांच्या गाण्यात आहे.

आणि ‘नाव नाही’ या खात्यातली एक चाल तर आपण सगळ्यांनी ऐकली आहे. रेडिओ लावून सभा सुरू व्हायची वाट पाहिलेल्या माणसाला आकाशवाणीची ती धून वेगळी सांगायला नको. खाली तंबोऱ्याचा नाद आणि वर व्हायोलिनसारखं एक तंतुवाद्य. आमच्या घरी रेडिओ आला तेव्हापासून माईंची भूपाळी, अजान आणि ही धून, असा तिघांचा क्रम लागला होता. ती वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. १९०७ साली बोहेमियातल्या कार्ल्सबाडला जन्मलेला हा ज्यू संगीतकार हिटलरच्या काळात युरोप सोडून १९३४ मध्ये मुंबईत आला आणि पुढे मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. व्हायोलिन मेहली मेहतांचं असं सांगतात. झुबिन मेहतांचे ते वडील.

धून शिवरंजनीच्या स्वरांत आहे असं म्हणतात, आणि शिवरंजनी म्हणजे काय? भूपाचेच पाच स्वर, फक्त गंधार कोमल. एक पट्टी खाली सरकली की आनंदाची जागा हुरहूर घेते. शास्त्राप्रमाणे शिवरंजनीही रात्रीचाच राग. म्हणजे रात्रीच्या स्वरांनी पहाट करायची ही खोड आपल्याला भूपाळीपासून लागली ती रेडिओपर्यंत टिकली, आणि यावेळी ती खोड लावणारा माणूस परदेशातून जीव वाचवून आलेला होता.

कॉफमन १९४६ मध्ये भारत सोडून गेले. पुढे कॅनडात आणि मग अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात शिकवत राहिले. तिथे त्यांनी दोन जाडजूड ग्रंथ लिहिले, एक उत्तर भारतातल्या रागांवर, १९६८ चा, आणि दुसरा दक्षिणेतल्या रागांवर, १९७६ चा. १९८४ साली ते गेले. हजारो राग त्यांच्या नावानिशी, स्वरांनिशी नोंदवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या त्या दहा-पंधरा सेकंदांच्या चालीला मात्र कुणी नाव ठेवलं नाही. माझ्या नातीला ती एकदा गुणगुणून दाखवली आणि विचारलं, ही कुठली? ती म्हणाली, ‘नानाजान, ही तर तुमची सकाळची.’